चाचे नाळेवर असताना

समुद्र आमच्या घरापासून एका रात्रीच्या बसप्रवासावर होता, आणि तरीही माझं सगळं लहानपण समुद्राच्या भीतीत गेलं. चिकलठाण्याच्या कारखान्याची कॉलनी ती. नळाला पाणी दिवसाआड यायचं, तेही कधी यायचं नाही, आणि मग आम्ही पोरंपोरी हंडे-कळशा घेऊन टँकरमागं पळायचो. अशा ठिकाणी वाढलेली मुलगी समुद्राला भिते हे मी ज्याला ज्याला सांगितलं तो हसला. पण मी बुडण्याला भीत नव्हते. मी चाच्यांना भीत होते. जहाजावर चढून माणसं लुटणारे, बांधणारे, पाण्यात टाकणारे ते चाचे मला इतके ओळखीचे होते की जालना रोडवरच्या गर्दीत एखादा दिसला असता तर मी बोट करून दाखवला असता. ही ओळख आईनं करून दिली होती, तीही गाण्यातून, आणि ते गाणं ती भांडी घासताना म्हणायची.

आई कोकणातल्या खाडीवरची, खलाशांच्या घरातली. तिचे वडील, चुलते, भाऊ सगळे दर्यावर पोट भरणारे. बाबा दौलताबादच्या अलीकडच्या एका खेड्यातल्या शेतकऱ्याचे चिरंजीव. ते लेथचं काम शिकायला मुंबईला गेले, तिथं जहाजाच्या इंजिनावर काम करणाऱ्या मामाशी त्यांची दोस्ती झाली, आणि मामानं आपली बहीण या कोरड्या मुलखात देऊन टाकली. बाबांकडच्या बायका पहिली काही वर्षं आमच्या घरी पाणीसुद्धा जपून प्यायच्या, कारण फडताळात सुकटीचा डबा असायचा आणि त्याचं झाकण कितीही घट्ट लावलं तरी तो आपली जात सांगायचाच. बाबा स्वतः मात्र भाकरीबरोबर सुकटीची चटणी अशी चापायचे की आई डबा त्यांच्यापासूनही लपवायची. "तुमच्या आईला दर्या पायजे," ते आम्हाला म्हणायचे, "आन् हितं तिच्या नवऱ्याला आंघोळीला बादली मिळंना." आई यावर हसायची. ती दर्याबद्दल सगळं चालवून घ्यायची, फक्त गाण्याबद्दल नाही.

ते गाणं तिच्या माहेरी पुरुष शिडाचा दोर ओढताना म्हणायचे, आणि पुरुष दर्यावर असले की बायका घरी म्हणायच्या. आईचा आवाज गोड नव्हता. ती पितळेची परात मांडीवर घ्यायची, तिच्यावर तळहातानं ठेका धरायची आणि वल्हं मारल्यासारखी पुढंमागं झुलत म्हणायची:

वारा पडला भर दर्यात, शीड लोंबलं काठीला,
काळं गलबत लागलं गो आमच्या तारवाच्या पाठीला.

इथपर्यंत परात हळू वाजायची. मग पुढच्या कडव्याला ती एकदम मोठ्यानं थाप मारायची:

हाका मारीत, आकडा टाकीत, चाचे चढले नाळेवर,
तांडेल म्हणतो पोरांनो, हात ठेवा काळजावर.

नाळ म्हणजे गलबताचं पुढचं टोक आणि तांडेल म्हणजे खलाशांचा म्होरक्या, हे मला अक्षरओळख व्हायच्या आधीपासून माहीत होतं. पुढं चाचे तांदूळ मागतात, तंबाखू मागतात, तांडेलाच्या कानातली बाळी मागतात, शेवटी सगळ्यात लहान खलाशी मागतात. तेवढ्यात वारा सुटतो, शीड भरतं, तारू निसटतं. मग शेवटचं कडवं:

खाडी आली, माड दिसले, नांगर गेला पाण्यात,
उतर उतर रे दत्ता माझ्या, आलास का रे अंगणात?

या जागी घरातल्या पुरुषाचं नाव घालायचं. माझ्या भावाचं, दादाचं, नाव दत्ता. तो माणूस घरी असेल तर त्यानं स्वतः "आलो गो आलो" म्हणायचं. तो दर्यावर असेल तर घरातल्या दुसऱ्या कुणीतरी त्याच्या वतीनं म्हणायचं, म्हणजे दर्याला वाटतं की हा पोचला, याचा नाद सोडावा. आणि एकदा आकडा पडला, चाचे नाळेवर चढले, की गाणं मध्ये सोडायचं नाही. दूध उतू जाऊ दे, दारात पाहुणा तिष्ठत राहू दे, तारू खाडीला लागलंच पाहिजे. चुकून तुटलंच, तर ते उगाच पुन्हा सुरू करायचं नाही. तो माणूस परत आल्यावर त्याच्यासमोर, जिथं तुटलं तिथूनच पुढं न्यायचं. तोवर चाचे नाळेवरच असतात. हे सगळं आई इतक्या साध्या आवाजात सांगायची की मीठ किती घालायचं ते सांगते आहे असं वाटावं.

आमची कॉलनी दुमजली होती. पाणी आलं की वरच्या मजल्यावरच्या बायका खालच्या नळावर बादल्या भरायला पोरं पाठवायच्या आणि वरून दोराला बांधलेला लोखंडी आकडा सोडायच्या. तो आकडा आमच्या खिडकीवरच्या कठड्याला खर्रकन घासत खाली यायचा. पाणी बहुधा पहाटे यायचं. अर्धवट झोपेत तो आवाज आला की मी पांघरुणात दादाला घट्ट धरायची. तो माझ्याहून पाचसहा वर्षांनी मोठा, पण त्यानं कधी हात झटकला नाही. "चाचे नाहीत गं, सुलभाकाकू आहे," असं तो म्हणायचा आणि पुन्हा घोरायला लागायचा. मला अजूनही वाटतं की जगात भीतीवर याहून चांगलं औषध कुणी काढलेलं नाही.

आणि असा हा दादा एक दिवस मामाच्या मागं लागून जहाजावर गेला. बाबांना तो कारखान्यात हवा होता, त्याला डेक हवा होता. पहिल्या दोन खेपा सुखाच्या झाल्या. परत आला की घरात उंची साबणाचा वास, कुठल्या कुठल्या देशाची बिस्किटं, आणि आईसाठी न चुकता सुकी मासळी, जणू तिच्या माहेरी ती मिळतच नव्हती. निघायच्या आधी आई त्याला अंगणात पाटावर बसवायची, परात घ्यायची आणि गाणं खाडीपर्यंत न्यायची. तो हसत, लाजत "आलो गो आलो" म्हणायचा आणि मग बॅग उचलायचा.

तिसऱ्या खेपेला घाई झाली. जहाज लवकर सुटणार असा निरोप मुंबईहून आला. आमच्याकडं फोन नव्हता, शेजारच्या क्वार्टरमधल्या बाईंकडं होता, त्यांना आम्ही खाला, म्हणजे मावशी, म्हणायचो, त्यांनीच भिंतीवर लाटणं ठोकून आम्हाला बोलावलं. दुपारच्याच बसनं निघायचं होतं. बाबांच्या गावाकडचे दोघंतिघं त्याला भेटायला आलेले, अंगणात चपलांचा ढीग, आईनं दशम्या बांधलेल्या, आणि या सगळ्या गोंधळात तिनं परात मांडीवर घेतली. चाचे नाळेवर चढले आणि रिक्षा दारात आली. रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. बाबांनी ट्रंक उचलली आणि म्हणाले, "आगं, एस्टी का थांबणार हाय व्हय तुझ्या गाण्यासाठी? पुढचं आल्यावर म्हण." गावाकडची मंडळी हसली. दादाही हसला, आईच्या पाया पडला आणि पळाला. बाबा त्याच्यासोबत स्टँडवर गेले. आईचा हात परातीवर तसाच होता. लोक पांगल्यावर तिनं परात पुसली, फडताळावर सगळ्यात वर पालथी घातली, आणि त्या दिवसापासून ती परात कुणी वापरली नाही. कणीक ताटात मळायला लागली. बाबा चिडवायला गेले, पण तिचा चेहरा बघून भाकरी मोडायला लागले.

पत्रं येत होती तोवर मी भीती मागं सारून जगत होते. परीक्षा होती, मैत्रिणी होत्या. मग एकदा दुपारी भिंतीवर लाटणं वाजलं. आई भाजी चिरत होती, तीच गेली, मागोमाग मी. खालांनी रिसीव्हर तिच्या हातात दिला. आई फक्त ऐकत होती. मी तिच्या मानेकडं बघत होते, कारण चेहरा भिंतीकडं होता. रिसीव्हर ठेवून ती वळली आणि म्हणाली, "जहाजावर चाचे चढलेत." एवढंच. सिंगापूरच्या अलीकडं कुठंतरी एक चिंचोळा समुद्र आहे, तिथं जहाजाशी बोलणं तुटलं होतं, आणि मुंबईच्या ऑफिसला त्याहून जास्त काही माहीत नव्हतं. खाला आईचा हात धरून म्हणत होत्या, "घबराव नक्को बहन, अल्ला है." चाचे खरे असतात हे मला तेव्हा कळलं असं मी म्हणणार नाही. मला ते नेहमीच खरे वाटत होते. मला कळलं ते एवढंच, की ते इतरांनाही खरे वाटू शकतात, आणि त्यानं माझी भीती दुप्पट झाली. लहानपणी निदान मोठी माणसं भीत नव्हती.

आज माझी मुलगी मोबाइलवर जगातली जहाजं दाखवते. पडदाभर छोटे छोटे बाण रांगत असतात, बोट ठेवलं की जहाजाचं नाव येतं. तेव्हा आमच्याकडं दादाच्या जुन्या शाळेतला नकाशा होता, त्यात तो समुद्र करंगळीच्या नखाएवढा निळा तुकडा होता. मी तो तुकडा तासन् तास बघायची. आता मोबाइलवर ती जागा आली की मी बोट पुढं नेते.

ते दिवस कसे गेले हे सांगायचं तर आवाजांनीच सांगावं लागेल. लाटण्याचा आवाज. खालांच्या घरातली घंटी, जी आमच्या स्वयंपाकघरात स्पष्ट ऐकू यायची आणि जी वाजली की आम्ही तिघंही जागच्या जागी थांबायचो. विमानतळ जवळ, तेव्हा विमानं फार नव्हती, पण एखादं डोक्यावरून गेलं की काचा थडथडायच्या आणि आई उठून दाराशी जायची, कशासाठी ते तिलाही ठाऊक नसावं. घरात मासळी शिजत नव्हती. आईनं सुकटीचा डबा फडक्यात बांधून कोपऱ्यात सरकवला, दर्यातलं काही तोंडात घालायचं नाही म्हणाली. खाला रोज काहीतरी झाकून आणायच्या आणि आम्ही ते रोज थोडं खाऊन बाकीचं गिळायला जमत नाही म्हणून ठेवून द्यायचो. मला स्वप्न पडायचं की दादा पाटावर बसलाय आणि त्याच्यामागं कठड्याला आकडा घासतोय, आणि मला "सुलभाकाकू आहे" एवढं म्हणायचंय, पण तोंड उघडत नाहीये.

बाबा पाळीवर जात होते, येत होते. ते देवाला फार न मानणारे, अंगाऱ्या-धुपाऱ्याची टर उडवणारे गृहस्थ. एके दिवशी कामावरून आले ते चपला न काढता स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभे राहिले, आणि फडताळावरच्या परातीकडं बघत आईला म्हणाले, "काढ ती. म्हण पुढचं. मी देतो उत्तर."

आई म्हणाली, "आता नाय म्हणता येत. तो आल्याशिवाय नाय."

"आगं पर तो येण्यासाठीच म्हणायचं ना?"

"तुम्हीच म्हणालात आल्यावर म्हण," आई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच वाईट होतं. बाबा तिथंच उंबऱ्यावर बसले. त्यांच्या खाकी शर्टाला तेलाचा वास येत होता. त्यांना रडताना मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं आणि मला पळून जावंसं वाटलं, कुठंही, सुलभाकाकूच्या घरीसुद्धा.

शेवटी फोन आला तो मामाचा. चाच्यांनी जहाज लुटून माणसांना एका होडीत घालून सोडून दिलं होतं, मासेमारांना ती होडी सापडली होती. सगळे जिवंत होते. आईनं रिसीव्हर खालांच्या हातात दिला आणि त्यांच्याच घरात फरशीवर आडवी झाली. खालांनी त्या दिवशी कॉलनीभर शिरा वाटला. आणि काही आठवड्यांनी बाबा आणि मी स्टँडवर उभे असताना मुंबईच्या बसमधून दादा उतरला. ट्रंक नव्हती, हातात फक्त एक प्लॅस्टिकची पिशवी. बाबांनी त्याला मिठी मारली, तो बाबांच्या खांद्यावरून स्टँडच्या छताकडं बघत राहिला. मी त्याचा हात धरला. त्यानं झटकला नाही, पण धरलाही नाही.

मला वाटलं होतं की तो आला म्हणजे भीती संपली. पण आता ती घरातच राहायला आली होती. दादा कॉटवर झोपत नव्हता, दाराला पाठ लावून जमिनीवर झोपायचा. विचारलं तर हो-नाही एवढंच बोलायचा. जेवायला बसला की ताटाभोवती हात ठेवायचा. आणि पाणी आलं त्या पहाटे कठड्याला आकडा घासला, तसा तो उठला आणि कॉटखाली शिरला. एवढा मोठा माणूस, गुडघे पोटाशी घेऊन, दोन्ही हात छातीवर. मी शेजारी जमिनीवर पालथी पडून म्हणाले, "दादा, सुलभाकाकू आहे." त्यानं माझ्याकडं बघितलं, आणि मला दिसलं की मी काय म्हणाले ते त्याला समजलं आहे आणि त्याचा काही उपयोग नाही. बाबांनी त्याच दिवशी वरच्या मजल्यावर जाऊन हात जोडले. पुढं कितीतरी दिवस सुलभाकाकू आणि बाकीच्या बायका भरल्या बादल्या जिन्यानं वर नेत होत्या, आणि त्याबद्दल कुणी कधी आमच्याजवळ चकार शब्द काढला नाही.

परात अजून वरच होती. आई तिच्याकडं बघायची आणि नजर वळवायची. गाणं पुरं करायचं तर त्याच्यासमोर करायचं, आणि त्याच्यासमोर चाच्यांचं नाव काढायचं कसं? शेवटी एका रविवारी दुपारची जेवणं झाल्यावर तिनं स्टुलावर चढून परात काढली, पदरानं धूळ पुसली. दादा अंगणात पाटावर बसला, सांगितलं म्हणून बसला. बाबा दारात उभे. आईनं ज्या कडव्यात तुटलं होतं ते उचललं, नेहमीसारखी थाप मारून, मोठ्यानं: हाका मारीत, आकडा टाकीत...

"आई," दादा म्हणाला. "ते हाका मारत नाहीत. गप येतात. अनवाणी."

आईचा हात हवेत राहिला. घरी आल्यापासून तो सलग एवढं प्रथमच बोलला होता. मला वाटलं, आता पुन्हा तुटलं, आता कायमचं तुटलं. पण आईनं हात परातीवर टेकवला आणि थाप न मारता, जेमतेम ऐकू येईल अशा आवाजात पुढचं म्हणायला घेतलं. हाका वगळल्या. चाचे गुपचूप चढले, गुपचूप तांदूळ मागितले, बाळी मागितली. लहान खलाशी मागितला तेव्हा दादाचा हात आपोआप छातीवर गेला आणि तिथंच राहिला. वारा सुटला. खाडी आली, माड दिसले. आईनं त्याच्याकडं बघत म्हटलं, उतर उतर रे दत्ता माझ्या, आलास का रे अंगणात?

दादाचे ओठ हललेसुद्धा नाहीत. आईनं ओळ पुन्हा म्हटली. अंगणात ऊन होतं, पलीकडं खालांची कोंबडी पाला उकरत होती, आणि आम्ही सगळे एका शब्दासाठी ताटकळलो होतो.

"आलो गो आलो," बाबा दारातून म्हणाले.

आईनं मान वळवली. "तुम्ही नाय म्हणायचं. माणूस घरात असला की त्यानंच म्हणायचं असतं."

"तो कुठं आलाय अजून घरी?" बाबा म्हणाले. "दिसत नाय का तुला? तो यायचाय. तवर मी म्हणणार."

आईनं मान डोलावली, परातीवर एक हलकी थाप मारली, आणि शेवटची ओळ पुन्हा एकदा म्हटली, आणि आमच्या बाबांनी, ज्यांनी उभ्या जन्मात तारवावर पाय ठेवला नव्हता, पुन्हा उत्तर दिलं. माझी भीती त्या क्षणी गेली नाही. पण ती माझ्या एकटीची राहिली नाही, एवढं मात्र झालं.

परात पुन्हा वर गेली नाही. तिच्यात कणीक मळली जाऊ लागली, धान्य निवडलं जाऊ लागलं, आणि काम करता करता आई मधूनच ती शेवटची ओळ म्हणायची. बाबा जिथं असतील तिथून, दाढी करताना, सायकल पुसताना, उत्तर द्यायचे. कधी तर रागावलेले असायचे, तरी द्यायचे. दादा ऐकायचा आणि भिंतीकडं बघायचा. मध्ये किती महिने गेले ते मी मोजलं नाही. तो बाबांच्या गावाकडं शेतावर जायला लागला होता, सीताफळाची रोपं लावायला लागला होता. तीच बाग तो आजही सांभाळतो. संध्याकाळी मातीनं माखून यायचा. समुद्राकडं तो पुन्हा कधी गेला नाही, आणि आम्ही कुणी तो विषय काढत नाही.

एका संध्याकाळी बाबा दुसऱ्या पाळीला गेले होते. आई परातीत गहू निवडत बसली होती, मी अभ्यासाला. सवयीनं तिनं ती ओळ म्हटली आणि मग तिच्या लक्षात आलं की उत्तर द्यायला घरात बाबा नाहीत. तिनं माझ्याकडं बघितलं. मी तोंड उघडणार, एवढ्यात मोरीतून, पाण्याच्या आवाजातून, दादाचा आवाज आला.

"आलो गो, आलो. टॉवेल राहिला बाहेर, तेवढा दे."

आईनं परात खाली ठेवली, दोरीवरचा टॉवेल काढला, आणि तो छातीशी धरून मोरीच्या दाराकडं गेली.